नार्कोलेप्सी: दिवसाच्या झोपेशी कसं जमवून घ्यायचं

नार्कोलेप्सी आहे असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे तू खूप झोपतेस का?" चोवीस तासांची बेरीज केली तर माझी झोप साधारण इतरांएवढीच भरते. फक्त ती विखुरलेली आहे. दिवसा तुकड्या-तुकड्यांनी येते आणि रात्री तुकड्या-तुकड्यांनी मोडते. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की पुढचं बरंचसं सोपं जातं, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

आत काय बिघडतं

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तिथल्या थोड्याशा पेशी ओरेक्सिन नावाचं रसायन तयार करतात. काही डॉक्टर त्यालाच हायपोक्रेटिन म्हणतात. जागेपण आणि झोप या शेजारशेजारच्या दोन खोल्या धरल्या, तर ओरेक्सिन ही मधल्या दाराची कडी. ती लागलेली असली की दार आपल्या जागी राहतं. कडीच निघाली तर साध्या झुळकेनेही ते हलायला लागतं. टाइप १ नार्कोलेप्सीत असं होतं. स्वप्नांची झोप जागेपणात घुसते आणि जागेपण झोपेत.

हे रसायन सापडलं १९९८ साली. दुसऱ्याच वर्षी नार्कोलेप्सी असलेल्या कुत्र्यांमध्ये त्याच्याशी संबंधित जनुकदोष मिळाला, आणि २००० साली मरण पावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले तेव्हा या पेशींपैकी ८५ ते ९५ टक्के नाहीशा झालेल्या दिसल्या. (त्या संशोधनातले डॉबरमन कुत्रे आवडीचं खाणं पुढे आलं की आनंदाच्या भरात गुडघे मोडून खाली बसायचे. मला ते आपले नातलग वाटतात.) शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती या पेशींवर उलटते असा सबळ संशय आहे. तेव्हा आळस, वळण, इच्छाशक्ती हे शब्द कोणी काढले तर पेशींचा हा हिशेब त्यांच्यापुढे ठेवा. टाइप २ मध्ये दिवसाची झोप अशीच येते, पण कॅटाप्लेक्सी, म्हणजे हसण्यासारख्या भावनेने स्नायू अचानक सैल पडणं, नसते आणि ओरेक्सिनही बहुतेकदा जागेवर असतं.

घरचे विचारतात, भावंडांना किंवा मुलांना होईल का? हा आजार साधारण दोन हजारांत एकाला असतो. रुग्णाच्या आई-वडील, भावंडं किंवा मुलांना टाइप १ होण्याची शक्यता १ ते २ टक्के धरतात. इतरांपेक्षा जास्त आहे, पण झोप उडावी इतकी नाही.

ओळखायचं कसं

दिवसा पेंग येण्याची साधी कारणं आधी बाजूला काढायची. अपुरी झोप, घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, थायरॉइड, रक्त कमी असणं, नैराश्य, सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या. यातलं बरंचसं नार्कोलेप्सीपेक्षा कितीतरी जास्त लोकांत आढळतं, आणि डॉक्टरही तिथूनच सुरू करतील. करू द्या.

नार्कोलेप्सीच्या पेंगेचा स्वभाव मात्र वेगळा असतो. पंधरा मिनिटं डोळा लागला की माणूस टवटवीत होतो आणि एक-दोन तासांत पुन्हा डोळ्यांवर झापड येते. दुसरी मोठी खूण म्हणजे छोट्याशा डुलकीत स्वप्न पडणं. एरवी झोप लागल्यावर स्वप्नांची झोप, म्हणजे आरईएम, यायला तास-दीड तास लागतो. आमच्याकडे ती पंधरा मिनिटांच्या आतच हजर होते.

मी मुद्रितशोधक आहे, त्यामुळे माझा पुरावा कागदावरच मिळाला. पेंगेच्या वेळी तपासलेलं प्रूफ काढून बघा. वरच्या चार ओळींच्या समासात खुणा ठाकठीक. मग काढून टाकायच्या खुणेची शेपटी लांब होत जाते. समासात लिहिलेल्या दुरुस्तीची शिरोरेषा उजवीकडे खाली घसरते. आणि शेवटी, लेखकाच्या मजकुराशी काडीचा संबंध नसलेलं काहीतरी माझ्याच अक्षरात: "नळ बंद करून ये." हात लिहीत होता आणि मेंदू स्वप्नात होता. काही सेकंदांच्या झोपेत हातातलं सवयीचं काम चालूच राहतं, याला स्वयंचलित वर्तन म्हणतात. विद्यार्थ्यांच्या वह्यांत, हिशेबाच्या कागदांत, फोनवर टाइप केलेल्या निरोपांत ते सापडतं. असे कागद टाकून देऊ नका. डॉक्टरांसमोर "मला खूप झोप येते" या वाक्यापेक्षा तो एक कागद जास्त बोलतो.

त्याच्या जोडीला दोनेक आठवड्यांची झोपेची नोंद ठेवा. रात्री किती वाजता झोपलात, कितीदा उठलात, दिवसा कधी आणि कुठे डोळा लागला, स्वप्न पडलं का, उठल्यावर कसं वाटलं. एपवर्थ नावाची छोटी प्रश्नावली १९९१ सालापासून वापरात आहे. वाचताना, टीव्ही बघताना, गाडीत शेजारी बसल्यावर अशा आठ प्रसंगी झोप लागण्याची शक्यता किती, ते शून्य ते तीनमध्ये लिहायचं. एकूण २४ पैकी १० च्या वर गेलात तर डॉक्टरांकडे जायला ते कारण पुरे. मात्र ती झोपाळूपणा मोजते, आजाराचं नाव सांगत नाही.

मुलांमध्ये चित्र फसवं असतं. झोपाळलेलं मूल पेंगण्याऐवजी चिडचिड करतं, वळवळतं, शाळेतून लक्ष नसल्याची तक्रार येते. आजार सुरू होताना वजन झपाट्याने वाढू शकतं. कॅटाप्लेक्सी मुलांत पडण्यापेक्षा चेहऱ्यावर आधी दिसते. पापण्या जड, तोंड उघडं, जीभ बाहेर. बघणाऱ्याला वाटतं, वेडावून दाखवतंय.

हसू आणि गुडघे

कॅटाप्लेक्सीवर जरा जास्त लिहिते, कारण टाइप १ ची सगळ्यात खास खूण तीच आणि सगळ्यात जास्त गैरसमजही तिच्याबद्दलच. स्वप्न बघताना कोणाचेही स्नायू सैल पडलेले असतात, नाहीतर आपण स्वप्नातली धावपळ अंथरुणातच केली असती. कॅटाप्लेक्सीत तो सैलपणा जागेपणी येतो, आणि बहुतेकदा आनंदाच्या क्षणी. खळखळून हसू आलं, आपणच सांगत असलेल्या विनोदाचा शेवट जवळ आला, पत्त्यांत डाव जिंकला, आवडतं माणूस अचानक दारात उभं राहिलं. राग किंवा दचकण्यानेही होतं, पण हसण्याची बरोबरी कशालाच नाही.

प्रत्येक वेळी माणूस कोसळतोच असं नाही. माझ्या बाबतीत आधी गालांत थरथर येते, मग जबडा सुटतो, शब्द बोबडे होतात, मान पुढे येते. गुडघ्यांची पाळी शेवटी. काही सेकंदांत, फार तर दोन मिनिटांत सगळं पूर्ववत. या पूर्ण वेळात शुद्ध असते आणि सगळं ऐकू येतं. फिट किंवा चक्कर यांच्यापासून वेगळं ओळखायची हीच मुख्य खूण. "नाटकं करते" हे वाक्यसुद्धा स्वच्छ ऐकू येतं, एवढं बोलणाऱ्यांनी ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ.

घरच्या कोणाला तरी एखादा झटका मोबाइलवर चित्रित करायला सांगा. दवाखान्यात हसून दाखवा म्हटल्यावर कोणालाच झटका येत नाही.

सांभाळायची युक्ती म्हणजे पहिल्या थरथरीवर लक्ष ठेवणं. ती जाणवली की हातातला कप खाली ठेवायचा, भिंतीला पाठ लावायची किंवा सरळ बसायचं. माझी ताई काही गमतीचं सांगायला आली की आधी म्हणते, "तू बस बघू, मग सांगते." एवढ्याने काम होतं. सोबतच्यांनी पडताना डोकं सांभाळावं, वाट बघावी आणि बाकी काही करू नये. ओढून उभं करू नये, तोंडात पाणी घालू नये, आणि जमलं तर दोन मिनिटं हसवूही नये, कारण हसू थांबेना तर झटकेही एकामागून एक येत राहतात.

काही जण यावर उपाय म्हणून हसणंच सोडतात. विनोद सुरू झाला की खोलीबाहेर जातात, चेहरा कोरा ठेवायला शिकतात. मला हा सौदा परवडत नाही. बसून हसावं.

अंग न हलणं, आणि स्वप्नातले निरोप

झोप लागताना किंवा जाग येताना अंग हलत नाही, खोलीत कोणी उभं असल्यासारखं वाटतं, छातीवर दाब येतो. हे भयंकर वाटतं, पण धोकादायक नसतं, आणि नार्कोलेप्सी नसलेल्या पुष्कळ लोकांनाही कधीमधी होतं. उताणं झोपल्यावर जास्त होतं म्हणून कुशीवर झोपा. सुरू झालंच तर धडपड करू नका. श्वासाकडे लक्ष द्या, एखादं बोट हलवायचा प्रयत्न करा. शेजारच्याने नुसता हात लावला तरी बहुतेकदा सुटका होते.

याहून जास्त त्रासाचं, आणि ज्याबद्दल डॉक्टर क्वचितच विचारतात, ते म्हणजे स्वप्न खरं वाटणं. आमची स्वप्नं परीकथांसारखी नसतात. त्यात कार्यालयाचा फोन येतो, बहीण काहीतरी आणायला सांगते, एखादा फॉर्म भरून पाठवला जातो. दोन दिवसांनी ती आठवण खऱ्या आठवणींत बेमालूम मिसळलेली असते. माझा नियम ठरलेला आहे. कोणाशी वाद घालण्याआधी किंवा एखादं काम झालं असं धरून चालण्याआधी खूण शोधायची. कॉलची यादी, पाठवलेला मेल, वहीतली नोंद. खूण नसेल तर सरळ विचारायचं, "आपलं हे बोलणं झालंय ना?" घरच्यांना आता सवय झाली आहे. कधी ते "झालंय" म्हणतात, कधी नुसते बघतात.

तपासणीचे दोन दिवस

रात्री पॉलिसोम्नोग्राफी (रात्रभराच्या झोपेची नोंद) आणि दुसऱ्या दिवशी एमएसएलटी (दिवसाच्या डुलक्यांची चाचणी), अशी जोडतपासणी असते. रात्री डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला, पायांना तारा लावतात. तारा चिकटवायची पेस्ट केसांतून सहजी निघत नाही, तेव्हा त्यानंतरच्या दिवशी कुठे मिरवायचं ठरवू नका. रात्रीच्या नोंदीवरून श्वास अडकणं वगैरे दुसरी कारणं कळतात. सकाळपासून दर दोन तासांनी चार किंवा पाच वेळा अंधाऱ्या खोलीत झोपायची संधी देतात, प्रत्येक वेळी वीस मिनिटं. सरासरी आठ मिनिटांत किंवा त्याआधी झोप लागली, आणि किमान दोनदा झोपेच्या सुरुवातीलाच आरईएम दिसली, तर निष्कर्ष नार्कोलेप्सीकडे झुकतो. आदल्या रात्री पंधरा मिनिटांच्या आत आरईएम आली असेल तर तीही त्या दोनांत धरतात.

कठीण असतं ते मधल्या वेळात जागं राहणं. तेव्हा झोपलात तर निकाल बिघडतो, म्हणून सोबतीला बडबडं माणूस न्या. आधीचे एक-दोन आठवडे पुरेशी झोप हवी, नाहीतर अपुऱ्या झोपेमुळेच निकाल तसा येऊ शकतो. नैराश्यावरची काही औषधं आरईएम दाबतात, ती तपासणीआधी थांबवावी लागतात. पण ती कधी आणि कशी थांबवायची ते डॉक्टरच ठरवणार. स्वतःहून एकही गोळी बंद करू नका. लक्षणं स्पष्ट असूनही निकाल कधी नकारात्मक येतो, तेव्हा तपासणी पुन्हा करता येते. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून त्यातलं हायपोक्रेटिन मोजण्याचा मार्गही आहे. ते ११० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून कमी निघालं तर टाइप १ म्हणायला जागा असते.

डुलकीला वेळ नेमून द्या

आता रोजचं. झोपेशी झुंजायचं सोडून तिला आपण ठरवलेल्या वेळी बोलवायचं, या एका गोष्टीने माझा दिवस बदलला. झुंजलं की दोन्हीकडून नुकसान. अर्धा तास अर्धवट शुद्धीत केलेलं काम पुन्हा करावं लागतं आणि झोप यायची ती येतेच.

दोन आठवड्यांच्या नोंदीत तुमच्या घसरणीच्या वेळा दिसतील. बहुतेकांची एक मोठी घसरण दुपारी असते, काहींची सकाळी उशिरा आणखी एक. डुलकी त्या वेळेच्या अर्धा तास आधी ठेवा, डोळे मिटायला लागल्यावर नको. पंधरा ते वीस मिनिटं, गजर लावून. झोप लागली नाही तरी उठायचं नाही, नुसतं पडून राहिलेलंही चालतं. गजर झाल्यावरची पाच-दहा मिनिटं डोकं जड असतं. त्या वेळात फोन घ्यायचा नाही, कोणाला शब्द द्यायचा नाही. तोंड धुवायचं, जरा चालायचं. मी लगेच नंतरच्या तासात सगळ्यात किचकट वाचन ठेवते, आकड्यांचे तक्ते, नावांच्या सूची. घसरण जवळ आली की उभ्याने करायची कामं. एका जागी बसून नुसतं ऐकायचं काम, म्हणजे बैठका, आमचं सगळ्यात मोठं शत्रुस्थान. तिथे मागे उभं राहायची परवानगी मागून घ्या आणि हाताने टिपणं काढा.

कामाच्या ठिकाणी सांगायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. सांगायचं ठरवलंत तर आजाराचं वर्णन थोडक्यात आणि मागणी नेमकी ठेवा. "मला दुपारी फार झोप येते" यावर वरिष्ठ काय करणार? "मला नार्कोलेप्सी हा मेंदूचा आजार आहे, हे डॉक्टरांचं पत्र. मला रोज एक वाजता वीस मिनिटं बंद होणारी खोली हवी, तेवढं काम मी संध्याकाळी थांबून भरून काढीन" यावर हो किंवा नाही म्हणता येतं. एका ठिकाणी मला नाही ऐकावं लागलं, तरी निदान पुढचा मार्ग लगेच शोधता आला.

रात्रीची झोप मोडणं हा याच आजाराचा भाग आहे. झोपायची आणि उठायची वेळ सुट्टीच्या दिवशीही सारखी ठेवा, दारू टाळा, मनाने झोपेच्या गोळ्या घेऊ नका. दुपारचं जेवण हलकं ठेवलं तर पेंग थोडी कमी होते. कॉफी मदत करते, पण दुपारनंतर घेतलेली रात्रीच्या मुळावर येते.

औषधं

हा आजार आज तरी पुरता बरा होत नाही, पण औषधांनी दिवस हातात येतो. जागं ठेवायला मोडाफिनिल किंवा आर्मोडाफिनिल बहुधा पहिलं असतं, सकाळी एकदा किंवा सकाळ-दुपार विभागून. डोकेदुखी सुरुवातीला अनेकांना होते. अंगावर पुरळ आलं तर गोळी थांबवून तडक डॉक्टरांकडे जा. आणखी एक गोष्ट, जी स्त्रियांना कोणी सांगत नाही: मोडाफिनिलमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, आणि ते बंद केल्यावरही महिनाभर ही शक्यता राहते. दुसरं साधन वापरा. कधीकधी मिथाइलफेनिडेट देतात, काही ठिकाणी पिटोलिसंट किंवा सोलरियमफेटॉल मिळतं.

कॅटाप्लेक्सीसाठी व्हेन्लाफॅक्सिनसारखी नैराश्यावरची औषधं वापरतात. ती आरईएमला आवर घालतात म्हणून, तुम्हाला नैराश्य आहे असा त्याचा अर्थ नव्हे. ती अचानक सोडली तर झटके उसळून येतात, म्हणून प्रवासात दोन-चार दिवसांच्या गोळ्या जादा ठेवा. सोडियम ऑक्सिबेट बहुधा रात्री झोपताना आणि मध्यरात्री पुन्हा घ्यायचं असतं, ते सगळ्या देशांत मिळत नाही, आणि त्यासोबत दारू किंवा गुंगीची औषधं जिवावर बेतू शकतात. ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आजार आणि सगळ्या गोळ्या आधी सांगा.

गाडी, आग, पाणी

वाहन चालवण्याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. परवान्याबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा आणि उत्तर लिहून घ्या. नियम काहीही असो, पेंग जाणवली की चालवायचं नाही. खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं याने झोप थांबत नाही, फक्त आपली समजूत निघते. पोहायला एकट्याने जाऊ नका. शिडीवरची कामं दुसऱ्याला द्या. शेगडीवर काही ठेवून बसायचं असेल तर गजर लावा, आणि आपोआप बंद होणारी इस्त्री घ्या. तान्हं बाळ असेल तर त्याला खाली बसूनच मांडीवर घ्या, कारण बाळाकडे बघून येणारं हसूही हसूच असतं. आणि डुलकी येण्याआधी त्याला पाळण्यात ठेवा.

मन खचणं या आजारात सर्रास होतं. निदान व्हायला अनेकांची कित्येक वर्षं जातात आणि तोवर आळशी हे नाव चिकटलेलं असतं. झोपेच्या डॉक्टरांना तेही सांगा, त्याचे उपचार वेगळे आणि उपयोगी आहेत.

शेवटी एक चिठ्ठी तयार करा. पाकिटात एक प्रत, फोनच्या लॉक स्क्रीनवर एक. माझ्या चिठ्ठीवर असं आहे: "मला नार्कोलेप्सी आणि कॅटाप्लेक्सी आहे. मी पडले असेन तरी शुद्धीत आहे आणि ऐकते आहे. डोकं सांभाळा, तोंडात काही घालू नका, दोन मिनिटं थांबा. पाच मिनिटांत उठले नाही किंवा डोक्याला मार लागला असेल तर रुग्णवाहिका बोलवा आणि खालच्या नंबरवर फोन करा." त्याखाली ताईचा नंबर आणि औषधांची नावं. डोस बदलला की त्याच दिवशी चिठ्ठीही बदला.